दोन माईक आणि पंपाचा सिनेमा

हमीदभाई,

सलमाचा फोन आला तेव्हा मी दुबई मरीनातल्या लेकीच्या टॉवरमध्ये लिफ्टसमोर उभी होते. एका हातात कोथिंबिरीची जुडी, दुसऱ्या हातात नातवाची पोहण्याची पिशवी. "आंटी, अब्बा गेले," ती म्हणाली. "सकाळची नमाज पढून अंगणात खुर्चीवर बसले होते. मी चहा घेऊन गेले तर..." मी तशीच लिफ्टमध्ये शिरले. एकविसाव्या मजल्यावर दार उघडलं, मिटलं, आणि मी पुन्हा खाली. असं तीनदा झालं म्हणे. शेवटी वॉचमनने वर फोन करून लेकीला सांगितलं की मॅडमच्या मम्मी लिफ्टमधून उतरतच नाहीयेत.

नातवाने दारातच विचारलं, "आजी, व्हाय आर यू क्रायिंग?"

"माझा एक मित्र गेला."

"फ्रॉम स्कूल?"

मी हो म्हटलं. आता विचार करते तर ते काही फारसं खोटं नव्हतं.

तुमच्यावर रीतसर चार ओळी मराठी मंडळाचे सेक्रेटरी लिहितीलच, आणि त्यात 'मनमिळाऊ' हा शब्द घालतील. तुम्ही मनमिळाऊ नव्हतात. तुम्ही हट्टी होतात. वाद घालताना आवाज चढवायचा नाहीत, त्यामुळे चढवणारी मीच मूर्ख दिसायचे. आणि समोरचा चुकतोय हे कळलं की गप्प बसून चकली खात राहायचात. त्या चकलीच्या आवाजाचा मला जेवढा त्रास झाला तेवढा कुणाच्या भाषणाचा झाला नाही.

आपली पहिली भेट आठवते ना? सोव्हिएत संघ मोडून दोन वर्षं झाली होती आणि दुबईच्या देरा भागात खाडीजवळच्या गल्ल्यांमधून रशियन बायकांचे थवेच्या थवे फिरत होते. ब्लँकेटं, चामड्याची जाकिटं, टेपरेकॉर्डर, जे मिळेल ते भल्याथोरल्या चौकडीच्या पिशव्यांत कोंबून विमानाने परत. दुकानांच्या पाट्या रातोरात रशियन झाल्या होत्या. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. वय अठ्ठेचाळीस, अक्कल अठरा. पुण्यातली राज्यशास्त्रातली एम.ए., वर रशियन भाषेची पदविका. मॉस्कोहून यायची ती गुळगुळीत कागदाची मासिकं लोक मुलांच्या वह्यांना कव्हरं घालायला वापरायचे. मी मात्र वाचत असे. निदान उघडत तरी असे. नवऱ्याला एसीच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून क्रांतीची वाट बघणं सोडून दुबईला आले होते आणि घरात दोन एसी लावून शोषितांविषयी बोलत होते.

तर मी तुमच्या दुकानात ब्लँकेट घ्यायला शिरले. काउंटरवर तुम्ही एका जाड चष्म्याच्या रशियन बाईशी तिच्या भाषेत फडाफड बोलत होतात. मला राहवेना. मी पुढे झाले आणि पदविकेतल्या स्वच्छ उच्चारांत म्हटलं, "प्रिय कॉम्रेड, आमच्या शहरात आपलं स्वागत असो."

दुकान थांबलं. मग ती बाई इतकी हसली की तिला चष्मा काढून पुसावा लागला. ती काहीतरी म्हणाली, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही.

"ती म्हणते, कॉम्रेड माझ्या बापाला म्हणा, तो रिटायर झाला," तुम्ही शांतपणे सांगितलंत. मग माझ्या टिकलीकडे बघून शुद्ध मराठीत, "वहिनी, तुम्ही पुस्तकातलं बोलता. हिचं ते पुस्तक बंद झालं."

दापोलीकडच्या खेड्यातला सातवी पास सेल्समन मला रशियन शिकवतोय, हे पचायला मला महिना लागला. तुम्ही ती भाषा काउंटरवर उभं राहून शिकला होतात. भाव, शिव्या, आजारी आईची चौकशी, सगळं त्याच बायकांकडून. ती चष्मेवाली पूर्वी पूल बांधणारी इंजिनिअर होती. सामानाचं वजन जास्त भरलं म्हणून तिने एकदा व्हिडिओ कॅसेटचा अख्खा खोका तुमच्याकडे टाकला. सगळे साहसाचे सिनेमे. घोडे, वाळू, बंदुका, लाल तारा. तुमच्या देरातल्या खोलीत आठ माणसं आणि टीव्ही एक, तोही कुणाच्या तरी क्रिकेटने अडवलेला. म्हणून खोका आमच्या घरी आला, आणि शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपून तीन वाजता तुम्हीही.

शुक्रवारचा तो रिवाज सात वर्षं चालला. आमचे हे, माझी लेक मुक्ता, शेजारचे दोघंतिघं, आणि तुम्ही दाराजवळच्या खुर्चीवर. टीव्हीशेजारी उभी राहून मी सगळ्यांचे संवाद मराठीत सांगायची. डाकू मी, शिपाई मी, घोडाही जवळजवळ मीच. काय तो माझा रुबाब. हातात फूटपट्टी असायची, हमीदभाई. का असायची ते आज मला सांगता येणार नाही.

आपल्याला सगळ्यांत आवडायचा तो पंपाचा सिनेमा. क्रांतीनंतरचे दिवस, मध्य आशियातलं वाळवंट. एक निळ्या डोळ्यांचा शिपाई उंटांवर पाण्याचा पंप लादून दूरच्या गावाला निघालेला. तिथला सरदार आणि त्याचे दाढीवाले स्वार पंप पोचू द्यायचा नाही म्हणून मागावर. गावातल्या बायका नखशिखांत झाकलेल्या. शेवटी लढाई होते, पाणी उसळतं, आणि एक बाई आपला बुरखा फाडून जखमी शिपायाच्या दंडाला बांधते. पहिल्यांदा बघताना मी पदराने डोळे पुसत होते. लेकीने त्याच वेळी विचारलं होतं, "आई, इज देअर मोअर चिवडा?" मी तिला आठवडाभर क्षमा केली नाही.

त्या सिनेमाच्या सुरुवातीला एक जागा आहे. कोरड्या विहिरीभोवती बसलेल्या गावकऱ्यांकडे बघून शिपाई सोबत्याला म्हणतो, "यांना पंप देऊन काय उपयोग? आधी यांना माणसं बनवायला हवं." मी सांगायची, "या माणसांना पंप मिळालाच पाहिजे." दर वेळी. अगदी ठसक्यात. तिकडे दाराजवळ चकली मोडायची.

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर जिन्यात तुम्ही म्हणालात, "वहिनी, तो शिपाई तसं बोलला नाय."

"तो भावार्थ होता."

"भावार्थ," तुम्ही म्हणालात. "गिऱ्हाईक बोललं तुझं ब्लँकेट खराब आहे, आणि मी मालकाला सांगितलं तिला ब्लँकेट आवडलंय, तर मालक मला पुढच्या विमानात बसवील. खलास."

"सिनेमा म्हणजे ब्लँकेट नाही हमीदभाई."

"नाय कसा? विकतातच की."

मी दार लावून घेतलं. पण रात्रभर नुसती कूस बदलत होते, कारण तुमचं बरोबर होतं. मग पुढचे कितीतरी शुक्रवार आपण सिनेमा थांबवून थांबवून भांडलो. तुम्हाला दिसायचं ते मला एम.ए.ने दिसू दिलं नव्हतं. चांगला गावकरी फार तर मध्यंतरापर्यंत जगतो, शिपायासाठी गोळी खातो आणि हसत मरतो, हे तुम्ही दाखवलंत. डाकूला घर नाही, ताट नाही, पोरं नाहीत. तो जेवताना कधीच दिसत नाही, हेही. "दाढी, टोपी, नमाजाची चटई माझ्या आजासारखी," तुम्ही एकदा म्हणालात, "आणि माझा आजा तर कोंबडीलाही घाबरायचा." वाळवंट रिकामं असतं, शिपाई आला की तिथे इतिहास सुरू होतो. शारजाच्या रस्त्यालगतच्या वाळूत आयुष्य काढलेली माणसं रोज बघणाऱ्या तुम्हाला ते हसू यायचं. आणि जुन्या काळ्यापांढऱ्या कॅसेटमधला शिपाई छाती काढून भाषणं देतो, नंतरच्या रंगीत कॅसेटमधला दमलेला असतो, विनोद करतो, त्याला घरी जायचं असतं, हेही तुम्हीच ताडलंत. "सरकार दमलं की हिरो दमतो," असं तुम्ही म्हणालात. चष्मेवालीला विचारलंत तर ती म्हणाली, आम्ही शाळेत असताना तो पंपाचा सिनेमा पाहिला, आम्हाला त्यातले घोडे आवडायचे.

मग मी काय केलं? एका टोकावरून उडी मारून थेट दुसऱ्या टोकाला गेले, मधे कुठे पाय न टेकता. म्हणू लागले, सगळा सिनेमाच खोटा. गोऱ्या साहेबाने टोपी बदलली एवढंच. प्रचार, साम्राज्य, बंद करा तो टीव्ही.

"पंप खोटा नाय," तुम्ही म्हणालात.

"काय?"

"आमच्या गावात बायका डोंगर उतरून पाणी आणतात. माझी आई त्यातच वाकली. पंप आणणारा मला जनावर म्हणो, मी पंप ठेवून घेईन."

"आणि अपमान?"

"तोही ठेवीन. विसरणार नाय. पण पाणी पिऊन मग."

यावर मी बोलले ते भरपूर होतं आणि त्यातलं एकही वाक्य आज आठवत नाही.

मग माझ्या डोक्यात आलं की हे मंडळात दाखवायचं. ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर, जिवंत मराठी निवेदनासह. कमिटीतले एक साहेब म्हणाले, "वहिनी, रशियन सिनेमा? लोक झोपतील."

"एसीत झोपायला तरी येतील," मी म्हटलं.

"आणि हे हमीद कोण? कुठल्या कंपनीत?"

"रशियन विभागात," मी सांगितलं. त्यांनी ते मान डोलावून लिहून घेतलं.

दोन माईक मागितले. पुरुषांचे संवाद तुम्ही, बायकांचे मी. तालीम करू या, असं तुम्ही दोनदा म्हणालात. मी म्हटलं, मला पाठ आहे. पाठ होताच; पण आजवर सगळी पात्रं एकटी बोलत आले होते, त्यात बायकांच्या वाट्याला काय येतं ते वेगळं काढून पाहिलंच नव्हतं.

हॉल भरला होता. पुढे इंजिनिअर, डॉक्टर, त्यांच्या रेशमी साड्या. मागे बांधकामाच्या साइटवरची आपली माणसं, रत्नागिरी-चिपळूणची, कंपनीच्या बसने आलेली, बटाटेवडे आहेत हे ऐकून. मी पैठणी नेसून माईक हातात धरून बसले. शिपाई बोलू लागला, सरदार बोलू लागला, उंटवाला, म्हातारा मुल्ला, सगळे बोलू लागले, आणि तुम्ही एकामागून एक त्यांचे आवाज काढत सुटलात. मी बसलेली. पडद्यावर बायका येत होत्या, पाणी भरत होत्या, रडत होत्या, बघत होत्या. माझी वाक्यं आली ती दोन. "कोण आहे?" आणि "पाणी." तिसरी किंकाळी होती, तिचं भाषांतर लागत नाही.

पाऊण तासाने मागून कुणीतरी ओरडलं, "बाईंचा माईक बंद हाय." ध्वनीवाला येऊन माझ्या पायांतली वायर हलवून गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला. पैठणीत मला घाम फुटला. तेव्हा तुम्ही डाकूचं वाक्य अर्ध्यावर सोडलंत आणि त्याच सपाट, काउंटरवरच्या आवाजात सांगितलंत, "माईक चालू आहे. पडद्यावरची बाई काही बोलत नाही."

हॉल हसला. तुम्ही माझी लाज राखायला म्हणाला होतात, हे मला माहीत आहे. पण पुढच्या वेळी बाई दिसली तेव्हा तुम्ही परत म्हणालात. मग परत. न हसता, न ठासून. सरदार बोलतो, शिपाई बोलतो, बाई काही बोलत नाही. दहाव्या वेळेपर्यंत हसू विरलं होतं. मग पुढच्या रांगांतल्या बायका तुमच्याबरोबर म्हणू लागल्या, आधी एकदोघी, मग साऱ्या रांगा. क्रांती येत होती, पंप चढत होता, आणि हॉलभर बायका दर दोन मिनिटांनी सांगत होत्या की बाई काही बोलत नाही.

माझ्या पर्समध्ये एक कागद होता, हमीदभाई. हे तुम्हाला कधीच सांगितलं नाही. शेवटच्या दृश्यासाठी मी त्या बाईला पाच ओळींचं भाषण लिहून आणलं होतं. 'मी नव्या युगाची पहिली हाक' वगैरे. वाचून दाखवलं तर माझी नातवंडं मला वृद्धाश्रमात टाकतील इतकं वाईट. दृश्य आलं. बाईने बुरखा फाडला, दंडाला बांधला. तुम्ही शिपायाचं वाक्य सांगितलंत, "आजपासून ही स्वतंत्र आहे." आणि थांबलात. पडद्यावर तिचा चेहरा, पहिल्यांदाच उघडा. हॉल माझ्याकडे बघत होता. कागद माझ्या हातात होता, माईक तोंडाशी होता.

मी कागदाची घडी केली आणि म्हटलं, "बाई काही बोलत नाही."

कुणी हसलं नाही. टाळ्या मागून सुरू झाल्या, साइटवरच्या माणसांपासून, आणि पुढे येत येत रेशमी साड्यांपर्यंत पोचल्या. लोक उभे राहिले. आयुष्यात तेवढा विजय मी कधी पाहिला नाही. मॉस्कोने पाठवलेली सगळी मासिकं आणि माझी एम.ए. जे शिकवू शकली नव्हती ते तुम्ही चार शब्दांत अख्ख्या हॉलला शिकवलं होतं, आणि सिनेमातला एकही शब्द न बदलता.

आणि मग मी जे केलं ते.

"काय कल्पना वहिनी," कमिटीवाले साहेब म्हणाले. "काय डोकं."

"हो, तसं मुद्दामच ठरवलं होतं," मी म्हटलं. तुम्ही दोन हातांवर होतात, माईकची वायर गुंडाळत. ऐकलंत. म्हणालात, "यल्ला, चला वहिनी, वडे संपतील."

तिथेच थांबले असते तर एक वेळ ठीक. मी लेख लिहिला. पुण्याच्या मासिकाने छापला, वाखाणला गेला, दोन ठिकाणी मला भाषणाला बोलावलं. त्यात तुम्ही होतात तीन शब्दांपुरते, 'एका सहकाऱ्याच्या साहाय्याने'. दुकानात उभ्याने तुम्ही तो पूर्ण वाचलात.

"छान लिहिलंय. सहकारी म्हणजे कोण?"

"तुम्ही."

"असं होय," म्हणालात आणि अंक पिशवीत ठेवलात. त्या शुक्रवारी नेहमीच्या वेळी आलात, चकली खाल्लीत. मी रागाची वाट बघत होते. तो आला असता तर मी भांडून मोकळी झाले असते. तुमचा व्हिसा संपला आणि तुम्ही कायमचे निघालात तेव्हा विमानतळावर मी सांगायचं ठरवून आले होते. सांगितलं काय, तर "पोचल्यावर फोन करा."

तुम्ही केलात. नंतर एकदा मुद्दाम केलात, फक्त एवढं सांगायला: "वहिनी, गावात पंप आला. लावणारा माणूस शिव्या देत होता. पाणी गोड आहे." मी खदखदून हसले, आणि तेव्हाही सांगितलं नाही.

गेल्या शुक्रवारी तुमच्या दुकानाच्या वरच्या खोलीत शोकसभा झाली. तुमचे खोलीतले सोबती, मंडळाचे जुने लोक, कमिटीवाले साहेब, आता त्यांना काठी लागते. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ती कल्पना माझी नव्हती, लेखातलं डोकं माझं नव्हतं, हमीद परकारांचं मी घेतलं आणि दहा वर्षं वापरलं. मला वाटलं, आता खोली हादरेल.

साहेब म्हणाले, "अहो वहिनी, आम्ही कानांनी ऐकलं होतं ना. हमीदभाईच बोलले होते ते."

"मग मला शाबासकी का दिलीत?"

ते जरा गोंधळले. "बोलले ते. पण शिकवलं तुम्ही असणार, असं वाटलं."

बघा आता. चोरी केली ती भरदुपारी, अडीचशे साक्षीदारांसमोर, आणि तरी पकडले गेले नाही. आवाज तुमचा होता, सगळ्यांनी ऐकला होता, आणि तरी डोकं पैठणीवालीचंच असणार असं हॉलभर माणसांनी गृहीत धरलं. टॅक्सीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की उंटावर पंप घेऊन बाहेरून आलेला, निळ्या डोळ्यांचा तो शिपाई मीच होते. मी इतकी हसले की ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, "माताजी, सब ठीक?"

घरी आल्यावर सलमाला फोन लावला आणि तिलाही सांगितलं. ती मग म्हणाली, "आंटी, तो अंक अब्बांच्या पेटीत आहे. त्यात 'एका सहकाऱ्याच्या' याखाली त्यांनी पेनने रेघ मारलीय. बाजूला लिहिलंय, हा मी."

हमीदभाई, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी श्रेय देईन म्हणून तुम्ही थांबला नव्हतात. आपली जागा तुम्ही स्वतःच, दोन शब्दांत, निळ्या शाईत नोंदवून ठेवली होती, आणि वर पुढचे कितीतरी शुक्रवार माझ्या चकल्या खाल्ल्या होत्या. तुम्हाला माझी कीव आली असेल का? आली असणार. ती मला चालेल.

त्या मासिकाच्या निवडक लेखांचं पुस्तक निघतंय आणि त्यात तो लेख आहे. मी संपादकांना कळवलं की लेख पुन्हा लिहिते आणि लेखक दोन असतील. पंपाबद्दल तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत घातलं, माझं माझ्या. ती दोन्ही जुळत नाहीत. संपादकांचा फोन आला, "बाई, शेवट एकच काहीतरी ठेवा." मी म्हटलं, "जुळलं नाही ते जुळवलं तर तो भावार्थ होईल." ते काही त्यांना कळलं नाही, पण ऐकलं त्यांनी. सलमाने अट घातली होती: नाव लिहाल तर पूर्ण लिहा आणि पुढे सेल्समन लिहा, अब्बांना ते आवडलं असतं.

काल फॅक्सने प्रूफ आलं. मथळ्याखाली सवयीप्रमाणे माझं नाव वर, तुमचं खाली, बारीक अक्षरांत. जावयाचं पेन घेतलं, तुमच्या नावापासून वरपर्यंत एक ठळक बाण काढला, अक्षर मोठं करा असं समासात लिहिलं, आणि हमीद इस्माईल परकार, सेल्समन, देरा, हे सगळं पुन्हा एकदा माझ्या हाताने, चूक होऊ नये म्हणून, सुवाच्य लिहून काढलं. कागद परत मशीनमध्ये घातला. तिकडे पोचल्याची चिठ्ठी सरकत बाहेर आली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. मुक्ता आतून धावत आली, नातूही आला, आणि काय झालं ते न विचारता तोही माझ्याबरोबर वाजवू लागला.